रेश्माचा रॅम्प

"तात्यांची रेश्मा कॉलेजच्या गॅदरिंगला रॅम्पवर..." एवढंच कानावर आलं अन् पिठाची गिरणी सुरू झाली. शेजारची पोर, चाकाच्या खुर्चीवर असते, अन् फॅशन शो? दळण तसंच टाकून मी तात्यांकडं गेले.

"तात्या, नटूनथटून मिरवणार म्हणं रेश्मा?"

रेश्माच बोलली, "काकू, रॅम्प म्हंजी स्टेजवर चढायचा उतार. गेल्या साली बक्षीस घ्यायला मला खुर्चीसकट उचललं. टाळ्या उचलणाऱ्यांनाच! दिव्यांग कक्षाच्या सरांच्या मागं लागून उतार करून घेतलाय. औंदा माझी मी जाणार."

गॅदरिंगला मी पुढंच बसले. जरीची साडी नेसलेली रेश्मा स्वतः चाकं फिरवत चढली. मध्येच थांबली, केस मागं टाकले, आमच्याकडं बघून हसली. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

तात्या म्हणाले, "वैनी, तुमची बातमी अगदीच खोटी न्हवती."