गरम बॉनेट

गाझियाबादच्या बसथांब्यावर शेजारचे गृहस्थ बायकोला एक वाक्य धड पुरं करू देत नव्हते. इथं मराठी कुणाला कळतंय, असा त्या शहाण्यांचा समज.

"आजची पिकअप गाडी चांगली होती हो. कुंड्यांसकट सगळं सामान..."

"उल्का, आपण पोचायच्या आधीच विकणाऱ्यानं इंजिन चालवलेलं. बॉनेट गरम लागलं हाताला. जुनं डिझेल इंजिन थंड असताना सुरू करायचं, धूर बघायचा; गरम असलं की दोष लपतात."

"मागच्या गाडीच्या चासीला गंज, म्हणालात. त्याआधीच्या गाडीचा इंजिन नंबर कागदाशी जुळेना."

"मग? दहा वर्षं झालेली डिझेल गाडी दिल्लीच्या आसपास चालवू देत नाहीत, म्हणून स्वस्तात विकतात. डोळे मिटून घेऊ?"

"रिटायर झालात तेव्हा म्हणालात, दिवाळीला देवरुखात असू. माझं अनंताचं झाड कुंडीत मावेना झालंय. त्याला तिथली माती कधी मिळायची?"

"चांगली गाडी मिळाली की जाऊ."

"तुम्हाला जायचंय ना पण?"

"बस आली का बघ."

मला राहवेना. "अहो साहेब, उद्या सकाळी विकणाऱ्याला न कळवता जा. गाडी थंड असेल. चावी बाईंना फिरवू द्या. आणि सुरू झाली, तर मुकाट्यानं शेजारी बसा."