पंपघरातला संगणक बंद करताना

आज शनिवार, चौदा जून. सकाळी गावाचं पाणी नव्या यंत्रणेवर सुटलं. कुठूनही तक्रार नाही. दुपारी जुन्या संगणकाची वायर पंपांपासून सोडवली, आणि आता त्याला निरोप द्यायला आपण जमलो आहोत.

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मुख्य अभियंता साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, पंपघरातले माझे जुने सोबती आणि भगिनींनो, मी मीटर दुरुस्त करणारा माणूस. बोलायची सवय नाही. पण या संगणकावरचा प्रोग्रॅम माझ्या पत्नीने लिहिला होता आणि ती गेल्या हिवाळ्यात गेली, म्हणून तिच्या जागी मला उभं केलंत.

तिने तो लिहिला तेव्हा संगणकावर डॉस होतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. मेमरी इतकी तोकडी, की यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत लिहावं लागे. हा आकडा उचल, त्या आकड्याशी ताडून पाहा, मोठा असेल तर अमक्या ठिकाणी जा. त्या ठिकाणांना नावं लिहिणाऱ्याने द्यायची. मग असेंबलर नावाचं साधन ते सगळं यंत्राला कळेल असं करून देई.

हिने नावं घरातली दिली. कितीही ओता, समाधान नाही, ती वरची टाकी म्हणजे माझी आत्या. धोक्याची घंटा म्हणजे सासूबाई. "अहो, आईंना सांगू नका हं," म्हणायची. आईला कळलंच. आई म्हणाली, "वाजते ना वेळेवर? मग असू दे."

मी विचारायचो, "आणि मी कुठे आहे?"

"आहात की. शोधा."

"मला कुठे वाचता येतं ते?"

"मग बसा."

शोधायचं राहूनच गेलं. ती गेल्यावर फ्लॉपी काढल्या, तर त्यांना बुरशी. तिने लिहिलेला मजकूर गेला होता, चालता प्रोग्रॅम तेवढा यंत्रात उरला होता. नवी यंत्रणा बसवणाऱ्या इंजिनिअर ताईंना मी भीतभीतच विचारलं. त्यांनी आपलं काम सांभाळून तो उलटा उलगडला, म्हणजे यंत्रातल्या आकड्यांवरून पुन्हा ओळी काढल्या, आणि मला शेजारी बसवलं.

"काका, नावं यात नाहीत. असेंबलर नावं वाचतो, त्यांच्या जागी आकडे घालतो आणि नावं सोडून देतो. यंत्राला ती लागत नाहीत."

"आत्या?"

"आत्या बहुतेक ही. टाकीची पातळी इथे बघितली जाते."

घंटाही सापडली.

"आणि मी?"

त्यांनी पडद्यावरच्या ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा चाळल्या. कुठल्याही ओळीवर बोट ठेवून "हे तुम्ही" म्हणाल्या असत्या, तर मी मानलं असतं. आनंदाने मानलं असतं.

"नाही सांगता येत, काका."

ताई, तुम्ही खोटं बोलला नाहीत. नाहीतर कुठलातरी आकडा घेऊन मी घरी गेलो असतो आणि तिची आठवण म्हणून जपत बसलो असतो. त्याबद्दल तुमचे आभार कसे मानू? हिलाही हे पटलं असतं. असेंबलरने एकही चूक दाखवली नाही, तरी ती स्वतः चाचणीसाठी पुन्हा पंपाशी जाऊन उभी राहायची.

साहेब, यंत्र काचेच्या कपाटात चालू ठेवू म्हणालात. तुमचा मोठेपणा. पण नको. चालू दिसलं, की मी रोज शोधायला येईन.

कुणाचा उल्लेख राहिला असेल, घरचं जरा जास्तच बोललो असेन, तर सांभाळून घ्या. आपण सगळे आलात, मी ऋणी आहे. आता चहाला बसा. फोटो मात्र नकोत. मी आत जातो, पडद्यावरची धूळ पुसतो आणि बटण बंद करून येतो.