नलिनीचा थेंब आणि माझा

सवतीमत्सर म्हणजे काय ते मला वाशीत राहायला आल्यावर कळलं, आणि तोही रक्ताच्या एका थेंबावरून!

आमचे हे तेव्हा बेलापूर रोडवरच्या एका प्रयोगशाळेत यंत्र बनवत होते. रक्ताच्या एकाच थेंबातून साखर आणि युरिया दोन्ही एकदम मोजायचं. त्याला उपाशी माणसाचं रक्त लागायचं. ते द्यायची यांच्या हाताखालची नलिनी. रोज जेवताना ऐकायचं, "नलिनी चहासुद्धा न घेता येते!" मी आठवड्याचे दोन उपास करते, त्याचं काही नाही. देवापुढे बसले तरी डोळ्यांसमोर नलिनीच.

गणपतीला ती कोकणात गेली. यांनी यंत्र घरी आणलं. चतुर्थीच्या सकाळी म्हणतात, "अगं, हरतालिकेचा उपास सोडला नाहीस ना अजून? बोट दे."

मी दहाही बोटं पुढे केली.

साखरेचा काटा नीट थांबला. युरियाचा मात्र चढला.

"नलिनीचा असा कधीच येत नाही. बिघडलं वाटतं," म्हणत हे स्क्रू काढायला बसले.

"बिघडलं नाही. काल पहाटेपासून मी पाणी घेतलेलं नाही."

"पाणीसुद्धा नाही? मग चढणारच! दर वर्षी असंच करतेस?"

"अकरा वर्षं. तुमच्यासाठीच."

"कधी बोलली नाहीस!"

"तुम्ही माझा थेंब कधी मागितलात?"

हे स्क्रू ड्रायव्हर ठेवून माझ्यासाठी पाणी आणायला उठले. माठ कुठे असतो, ते मात्र मलाच सांगावं लागलं.