दारातली रांगोळी

निमाणीच्या थांब्यावर बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

“एकटी राहतेस मंजुषा, रात्री काही झालं तर?”

“ठरवून ठेवलंय. मी आतून कडी लावत नाही, नुसतं लॅच. किल्ली समोरच्या दीपमालाकडे आहे. सकाळी दारात रांगोळी दिसली नाही, तर तिनं उघडून आत यायचं.”

“बरं केलंस. पण तिच्या लक्षात राहील?”

“तेच परवा बघितलं. मुद्दाम काढलीच नाही.”

“मग?”

“कॉटवर बसून राहिले. ती कामाला निघाली, तेव्हा दारावरून गेली. जिना उतरल्याचं ऐकू आलं.”

“घाईत असेल गं.”

“हो ना. दुपारी मीच काढली. जरा मोठीच काढली.”