कढीतलं मीठ आणि आमचे सर

अगं, बंगळूरला जयनगरात एका हिंदी मासिकात मी नुकतीच प्रुफं तपासायला लागले होते. संपादक सर मोठे कथाकार, पण पाककृतींचं सदरही तेच लिहायचे, बाईच्या नावानं, गुपचूप. एकदा एक वाचक बाई थेट ऑफिसात आल्या. "रेसिपीवाली दीदी कहाँ हैं?"

सरांनी सरळ माझ्याकडे बोट केलं! मला साधा वरणभात येत नव्हता. आता गुपित फुटणार!

"दीदी, मेरी कढ़ी फट जाती है. नमक कब डालूँ?"

मी सरांकडे पाहिलं. सर प्रुफातून मान वर न करता म्हणाले, "उबाल आने के बाद."

बाई भडकल्या. "आपसे किसने पूछा? दीदी को बोलने दीजिए!"

मी चाचरत म्हटलं, "उबाल आने के बाद."

"सुना?" बाई सरांना म्हणाल्या, "इसे कहते हैं तजुर्बा!"