आईला वेगळा माईक

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, केंद्रातले डॉक्टर आणि कर्मचारी, माझ्यासारखी इथे येणारी मुलंमुली, त्यांचे आईवडील, आणि आज निवृत्त होत असूनही सकाळचे पेशंट तपासूनच खाली उतरलेल्या आमच्या डॉक्टरबाई, आपणा सर्वांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. तिसऱ्या रांगेतली माझी आई म्हणेल, हिला तेवढी नुसता घसा साफ करायला लागतात. पण असं म्हणणारी स्वतः किती बोलते, ते तुम्हाला आत्ता कळेलच.

सायकोसिस, म्हणजे जे नाही ते ऐकू येतं, खरं वाटतं, तो आजार कोणत्या मुलांना पुढे होईल हे इथे आधीच ओळखायचा प्रयत्न चालतो. मी आले तेव्हा कॉलेजात नवी होते. परतताना मागून कोणीतरी हाक मारायचं, आणि वळून पाहावं तर रस्ता रिकामा. इथे माझी मुलाखत रेकॉर्ड झाली. या आजाराआधी बोलणं तुटक होऊ लागतं, म्हणून वाक्याला वाक्य जुळतं का, हे संगणक मोजतो. निकाल आला, धोका फार मोठा. सगळ्यांचं मत पडलं, गोळ्या लगेच सुरू करा, कॉलेज यंदा बंद.

पण बाईंची एक खोड. संगणक काहीही म्हणो, मुलाखत स्वतःच्या कानांनी पूर्ण ऐकल्याशिवाय त्या औषध लिहीत नाहीत. हेडफोन लावून, डोळे मिटून बसल्या, आम्ही दोघी समोर. आणि थोड्या वेळाने बाई चक्क हसायला लागल्या. इथे पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि डॉक्टर हसतायत. आई म्हणाली, "अहो, हसताय काय?" तेव्हा बाईंनी ते मोठ्याने ऐकवलं.

"मागून कोणीतरी हाक मारतं, डबा तसाच परत येतो, वळले तर कोणी नसतं, हिच्या मावशीला थायरॉईड आहे."

आलं लक्षात? अर्धी वाक्यं माझी, अर्धी शेजारी बसून मधेमधे बोलणाऱ्या आईची. संगणकाने आम्हा दोघींना एकच माणूस धरलं होतं. बाई म्हणाल्या, "इतकं तुटक बोलणारी मुलगी मी जन्मात पाहिली नाही, कारण ती अस्तित्वातच नाही." संगणकवाले दादा, आज तुम्ही हसताय, पण तेव्हा तुमचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्या दिवसापासून इथे आईला वेगळा माईक मिळतो.

मग माझं एकटीचं बोलणं पुन्हा मोजलं. धोका खाली आला, पण शून्य झाला नाही. हाका तर मला येतच होत्या. गोळ्या टळल्या, कॉलेज वाचलं, दर महिन्याची भेट ठरली. मी विचारलं, "मला होणार की नाही?" बाई म्हणाल्या, "तुझ्यासारख्या दहा जणांत दोघातिघांना होतं. कोणाला, ते मला कळत नाही. म्हणून मी दहाही जणांची वाट बघते."

हाक अजूनही कधीतरी येते. आली की मी इथे येऊन सांगते. काल पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर बाई म्हणाल्या, "माहीत नाही गं. निवृत्त होण्याआधी मलाही कळायला हवं होतं." खोटा धीर त्यांनी कधी दिला नाही, म्हणूनच मला त्यांचा धीर वाटतो.

आणि आता जे सांगायला मी सकाळपासून उतावीळ झाले आहे, ते सांगते. नर्सिंगच्या प्रवेशयादीत माझं नाव लागलं आहे. आनंदाने पाय जमिनीवर ठरत नाहीत. स्वतःच्या डोक्याची खात्री नसलेल्या माणसाने एवढी वर्षं चालणारा कोर्स घ्यावा का? मी घेतला.

बोलण्याची संधी दिलीत, मनापासून आभार. वेळ ओलांडली, काही कमीजास्त बोलून गेले असेन, तर लेकरू म्हणून पोटात घाला. आणि बाई, मी पास होईन त्या दिवशी तुम्ही यायचं आहे. तोवर माझं काय होईल ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. पण पहिल्या रांगेतली खुर्ची मी तुमच्यासाठी धरून ठेवते.