घाऱ्या डोळ्यांची मेम

अंतरा : चष्मा कितीही पुसा, आई. त्या तुम्हीच आहात.

योगिनीबाई : कसले भिकार पिक्चर बघता गं! चिलमी ओढणाऱ्या बाया. बंद कर आधी, अबोली ऐकेल.

अंतरा : ती शाळेत आहे. अकरा वाजलेत.

योगिनीबाई : …कुणी दिलं हे तुला?

अंतरा : आमच्या क्लिनिकात कामाला असलेल्या हमजानं. रत्नागिरीचा तो, गणपतीला आपल्याकडे जेवून गेला होता. म्हणाला, "भाभी, ही हिप्पी पोरगी डिट्टो तुमच्या सासूबाई!" तेच घारे डोळे, तोच हनुवटीवरचा तीळ. सगळा स्टाफ खिदळत होता.

योगिनीबाई : एकोणीस वर्षांची होते गं मी. खऱ्या मेमा परवडत नव्हत्या त्यांना. आमच्या नाटकाच्या तालमीला एक जण आला, म्हणाला, घाऱ्या डोळ्यांच्या गोऱ्या पोरी हव्यात. वर पिवळा विग घातला की झाली मेम. वर्सोव्याच्या वाळूत गोवा म्हणून पंधरा दिवस नाचवलं आम्हाला.

अंतरा : नुसतं नाचवलं?

योगिनीबाई : दिसतंय ना तुला? मग विचारतेस कशाला, मेले! कॅमेऱ्यात खांद्यापर्यंतच घेणार म्हणाले होते.

अंतरा : आणि मी मंडळात लावणी केली तेव्हा? नऊवारीत, नखशिखान्त झाकलेली होते. "आमच्या घरात नाचीण आली" म्हणालात. चार दिवस माझ्या हातचं जेवला नाहीत. स्लीव्हलेस घातलं, तर इथून आखातातल्या सालमियातून पुण्याला फोन, सगळ्या जावांना!

योगिनीबाई : म्हणूनच बोलायचे. बाईला कुठवर नेऊन सोडतात, ते पाहिलंय मी.

अंतरा : वा! करून करून भागली नि देवपूजेला लागली.

योगिनीबाई : चुकलं माझं. पाया पडते तुझ्या, हे बघ. पण उदयला दाखवू नकोस. तेवढं एक कर. बाप गेल्यापासून त्याला मीच आहे गं.

अंतरा : उठा. गुडघे धरतील, आणि मलाच शेकत बसावं लागेल.

योगिनीबाई : नाही ना दाखवणार?

अंतरा : सकाळीच दाखवलं.

(योगिनीबाई सोफ्याचा हात धरून उठतात.)

योगिनीबाई : काय म्हणाला?

अंतरा : तुमचा व्हिसा वाढवायचा नाही म्हणाला. गुरुवारचं तिकीट काढलंय. तोवर तो तिकडे खैतानला, त्या मित्राकडे, नीरजकडे राहील.

योगिनीबाई : माझ्यासमोर येणार नाही?

अंतरा : "तूच सांग तिला" म्हणाला.

योगिनीबाई : शेवटपर्यंत बघितला का गं त्यानं पिक्चर?

अंतरा : अर्ध्यातच फोन फेकला. का?

योगिनीबाई : शेवटी हिरोची आई त्या पोरीला घराबाहेर काढते. पोरगी दारावर डोकं आपटून मरते. तिथे टाळ्या पडतील, असं डायरेक्टर म्हणाला होता.

अंतरा : बॅग कपाटावर आहे. काढून देते.

योगिनीबाई : गुरुवारी उपास असतो माझा. विमानातलं चालत नाही. डब्यात थोडी साबुदाण्याची खिचडी देशील?

अंतरा : दाणे संपलेत.

योगिनीबाई : खालच्या बकाल्यात, त्या वाण्याच्या दुकानात मिळतात की. अबोलीबरोबर जायचे ना मी.

अंतरा : हो. मिळतात.